एअरबॅग आणि सीट सेन्सरचं पेटंट: अर्जात काय, किती आणि कसं उघड करायचं

सीटवर कोण बसलंय हे ओळखणारा सेन्सर, बाजूची धडक पकडणारं सर्किट, किंवा या दोघांचं ऐकून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरवणारा ईसीयू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. यातलं काहीतरी तुमच्या टेबलावर चालू अवस्थेत आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही पेटंटचा अर्ज लिहायला बसला आहात, असं मी धरून चालतो. वाहनांच्या सुट्या भागांच्या एका छोट्या कंपनीकडून मी या प्रक्रियेतून गेलो आहे. भोसरी-चाकणकडचे ओळखीचे इंजिनिअर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो.

पोर्टल जमतं, फी भरता येते, पेटंट एजंटही मिळतो. गाडी अडते ती माहिती किती द्यायची या प्रश्नावर. इंजिनिअरला वाटतं, थोडक्यात लिहिलं की प्रतिस्पर्ध्याला कळणार नाही आणि पेटंटही मिळेल. कायद्याचा सौदा नेमका उलटा आहे. २० वर्षांचा एकाधिकार मिळतो तो शोध पूर्ण शिकवल्याच्या बदल्यात. जेवढं शिकवाल तेवढंच टिकेल.

१. आधी एक निकाल समजून घ्या

२००७ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ‘ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीज इंटरनॅशनल विरुद्ध बीएमडब्ल्यू’ या खटल्यात निकाल दिला. पेटंट होतं बाजूच्या धडकेसाठीच्या सेन्सरचं. सेन्सरमधल्या वस्तुमानाची हालचाल ओळखणारं साधन, अशा शब्दांत क्लेम, म्हणजे नेमका हक्क कशावर ते सांगणारं वाक्य, होता. यांत्रिक सेन्सरचं वर्णन भरपूर आणि नीट होतं. इलेक्ट्रॉनिक सेन्सरला मात्र एक छोटा परिच्छेद आणि एक ढोबळ आकृती एवढीच जागा मिळाली होती: वस्तुमानाची हालचाल प्रकाश, रोध (रेझिस्टन्स), धारिता (कपॅसिटन्स) वगैरे मार्गांनी ओळखता येईल, पुढची प्रक्रिया सर्किट करील.

पेटंटवाल्या कंपनीने आधी क्लेमचा अर्थ रुंद लावून घेतला होता. त्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सरही यावेत, म्हणजे कार कंपन्या कचाट्यात सापडतील, असा तो डाव. अर्थ रुंद झाला आणि तोच अंगाशी आला. न्यायालय म्हणालं, क्लेममध्ये दोन्ही प्रकार येत असतील तर दोन्ही कसे बनवायचे ते सांगायला हवं होतं. समोरच्या धडकेचे इलेक्ट्रॉनिक सेन्सर माहीत असलेला जाणकार बाकीचं भरून काढील, हा बचाव चालला नाही. बाजूची धडक ओळखणं हे नवं क्षेत्र आहे, असं खुद्द पेटंटच सांगत होतं. जे नवं आहे ते अर्जदारानेच शिकवायचं असतं. ते जाणकाराच्या सामान्य ज्ञानावर ढकलता येत नाही. ते क्लेम रद्द ठरले.

हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याची कलमं वाचा. कलम १०(४) म्हणतं की शोध, त्याचं कार्य किंवा उपयोग आणि तो अमलात आणण्याची पद्धत पूर्णपणे आणि तपशिलाने वर्णन करा, आणि तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत उघड करा. कलम १०(५) म्हणतं की क्लेम स्पष्ट, मोजक्या शब्दांत आणि वर्णनाच्या आधारावर उभे असावेत. आणि कलम ६४(१)(एच)नुसार, त्या क्षेत्रातलं सरासरी कौशल्य आणि सरासरी ज्ञान असलेल्या भारतातल्या व्यक्तीला केवळ तुमच्या वर्णनावरून शोध अमलात आणता येत नसेल, तर मंजूर पेटंटसुद्धा रद्द होऊ शकतं.

२. अर्जाआधी तोंड आवरा, वही उघडा

अर्ज दाखल होण्यापूर्वी नमुना कुणाला दाखवायचा असेल, तर गोपनीयतेचा करार आधी, कारण अर्जाआधीच जाहीर झालेला शोध नवा धरला जात नाही. कार कंपनीच्या खरेदी विभागाला पाठवलेलं प्रेझेंटेशन, लिंक्डइनवरचा कौतुकाचा व्हिडिओ, एखाद्या परिषदेतला शोधनिबंध, सगळे याच वाटेतले खड्डे. ‘बारा महिन्यांची सवलत असते ना?’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. कलम ३१ ची ती सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. मोठा मांडव घातला म्हणून कुठलंही ऑटो प्रदर्शन त्यात बसत नाही.

रस्त्यावरच्या चाचण्यांना थोडी मोकळीक आहे. कलम ३२ प्रमाणे अर्जाच्या आधीच्या एका वर्षात शोध केवळ वाजवी चाचणीसाठी उघड्यावर वापरला, आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती चाचणी उघड्यावर करणं गरजेचं असेल, तर तेवढ्याने नवेपणा जात नाही. पण सीट सेन्सरची बहुतेक चाचणी बंद शेडमध्ये होऊ शकते, तेव्हा या कलमाच्या भरवशावर फार राहू नका.

वहीत तारखेसह नोंदी ठेवा: कोणता फोम, कोणतं तापमान, किती वजन, सेन्सरने काय दाखवलं. पुढे वर्णन लिहिताना हीच वही कामाला येते.

३. पूर्वीचं काम शोधा, तेही वर्गीकरणाने

नुसतं ‘एअरबॅग सेन्सर’ टाकून शोधलं की ढिगारा अंगावर येतो. पेटंट वर्गीकरणाच्या संकेतांकांनी शोधा. हे संकेतांक शोधखिडकीत रोमन अक्षरांत टाकायचे:

- बी६०आर २१/०१३: धडक, संभाव्य धडक किंवा गाडी उलटणं ओळखणारी साधनं
- बी६०आर २१/०१५: प्रवासी, प्रवासी सीट किंवा बालसीट आहे का आणि कुठे आहे हे ओळखणारी साधनं
- बी६०एन २/००२: सीटवर कुणी आहे का ते सांगणारी व्यवस्था असलेल्या सीट

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसेवा, बाहेरच्यांसाठी एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स. तिन्ही फुकट आहेत.

जुनं म्हणून काही सोडू नका. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना एअरबॅगचं पेटंट १९५३ मध्येच मिळालं आणि जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांचा अर्ज १९५१ चा. दोघांची कल्पना दाबलेल्या हवेची होती. ती हवा पिशवी पुरेशी लवकर फुगवू शकत नाही हे पुढे संशोधनातून दिसलं, आणि गाड्यांमध्ये एअरबॅग येईपर्यंत हेट्रिक यांच्या पेटंटची मुदत संपून गेली होती. कल्पना कागदावर असणं आणि ती चालवून दाखवणारी पद्धत कागदावर असणं यांतलं अंतर एवढं मोठं असू शकतं.

४. क्लेमचा कच्चा मसुदा वर्णनाच्या आधी लिहा

बहुतेक जण उलटं करतात. वीस पानं वर्णन लिहितात आणि शेवटच्या रात्री एजंट क्लेम बेततो. मग क्लेममध्ये ‘सेन्सिंग साधन’ असा ऐसपैस शब्द येतो आणि वर्णनात एकच प्रेशर मॅट असते.

त्यापेक्षा क्लेम आधी लिहा आणि प्रत्येक ऐसपैस शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. ‘सेन्सिंग साधन’, ‘नियंत्रण साधन’, ‘वर्गीकरण’, ‘पूर्वनिश्चित मर्यादा’. प्रत्येक रेघेसमोर लिहा: यात नेमके किती प्रकार येतात, आणि त्यांपैकी किती आपण करून पाहिले किंवा निदान कसे करायचे ते सांगू शकतो? ज्या प्रकाराला उत्तर नाही तो एकतर अर्जाआधी करून पाहा, नाहीतर शब्द अरुंद करा. ‘किंवा इतर कोणताही योग्य सेन्सर’ हे वाक्य लिहून काम भागत नाही.

५. प्रत्येक प्रकाराचं स्वतंत्र वर्णन लिहा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. प्रवासी ओळखण्याचे चार नेहमीचे मार्ग आणि प्रत्येकाला लागणारा तपशील असा:

*उशीखालची प्रेशर मॅट.* थर किती, सेल किती आणि सीटवर कुठे, दाब-रोध आलेख, मॅटच्या वरचा फोम किती जाड आणि किती कडक. फोम बदलला की सगळे आकडे बदलतात, म्हणून ‘फोमच्या खाली मॅट ठेवली’ एवढं वाक्य निरुपयोगी आहे.

*द्रव भरलेली पिशवी आणि दाब सेन्सर.* कोणता द्रव, किती, पिशवीचा आकार, सेन्सर कुठे जोडला, तापमानाचा परिणाम कसा काढून टाकला.

*सीटच्या पायांतले स्ट्रेन गेज (धातूवरचा ताण मोजणाऱ्या पट्ट्या).* किती ठिकाणी, कोणत्या दिशेचा भार मोजतो, आणि बोल्ट आवळताना बसणारा ताण शून्य कसा केला. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. असेंब्ली लाइनवर मात्र तोच सगळ्यांत जास्त सतावतो.

*धारिता मोजणारे इलेक्ट्रोड.* आकार, जागा, शिल्डिंग, वारंवारता. आणि सीट ओली झाली तर काय? पावसाळ्यात भिजलेला रेनकोट घालून बसलेला माणूस आपल्याकडे नेहमीचाच.

मग अवघड प्रसंग घ्या. बालसीट पट्ट्याने घट्ट आवळली की सेन्सरला तिचं वजन वाढल्यासारखं दिसतं. पट्ट्याचा ताण वेगळा मोजता की दुसरी युक्ती आहे? पाठ मागे कलवून बसलेला माणूस, सगळा भार पायांवर घेऊन सीटच्या कडेला टेकलेला माणूस, सीटवर ठेवलेली हापूसची पेटी. तुमची प्रणाली यांपैकी प्रत्येक वेळी काय ठरवते आणि का, ते एकेका परिच्छेदात लिहा. शोधाचा खरा नवेपणा पुष्कळदा इथेच सापडतो, आणि पुढे क्लेम अरुंद करायची वेळ आली तर आधार इथूनच मिळतो.

धडक ओळखण्याचा भाग असेल तर बाजू आणि समोर यांची गल्लत करू नका. समोर बंपरपासून प्रवाशापर्यंत चुरगळायला लांबलचक भाग असतो. बाजूला दार आणि खांदा यांच्यात काही सेंटिमीटर. त्यामुळे बाजूचा निर्णय काही मिलिसेकंदांत घ्यावा लागतो. बी-पिलरवरचा (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबावरचा) त्वरणमापक आणि दाराच्या पोकळीतला दाब सेन्सर या वेगळ्या जाती आहेत: पहिला सांगाड्याचा धक्का मोजतो, दुसरा दार आत दबताना पोकळीतल्या हवेचा वाढलेला दाब. क्लेममध्ये दोन्ही हवे असतील तर दोन्हींचं सर्किट, बसवण्याची जागा, संकेत गाळण्याची पद्धत आणि नुसतं दार आपटणं हे धडकेपासून वेगळं कसं ओळखलं, हे लिहा.

६. उंबरठ्याचे आकडे आणि निर्णयाचं तर्कशास्त्र

‘मिळालेला संकेत पूर्वनिश्चित मर्यादेपेक्षा जास्त असल्यास एअरबॅग सक्रिय होते.’ हे वाक्य शेकडो अर्जांत सापडेल आणि ते काहीच शिकवत नाही. ती मर्यादा कशी ठरवायची ते सांगा. एखादा प्रत्यक्ष आकडा, चालेल असा पल्ला, आणि गाडी किंवा सीट बदलली तर नवा आकडा काढण्याची कृती, तिन्ही द्या.

कोणत्या वजनगटांत फरक करायचा, याला मानकांचा आधार घेता येतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०८ या वाहन सुरक्षा मानकामध्ये २००० साली झालेल्या बदलानंतर एक, तीन आणि सहा वर्षांच्या मुलांचे डमी आणि छोट्या चणीच्या प्रौढ स्त्रीचा डमी चाचणीत आले. एअरबॅग दाबून ठेवण्याचा, म्हणजे ती उघडूच न देण्याचा, मार्ग निवडला तर मुलांसाठी ती बंद राहायला हवी आणि त्या स्त्रीसाठी चालू. भारतात एआयएस-१४५ या वाहन सुरक्षा मानकानुसार १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि सीटबेल्टची आठवण सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. तुमची प्रणाली नुसत्या सीटबेल्टच्या आठवणीसाठी आहे की एअरबॅग दाबून ठेवण्यासाठी, हे स्पष्ट करा. दोन्हींत चुकीची किंमत सारखी नसते, आणि परीक्षकाला हा फरक सांगावाच लागतो.

सॉफ्टवेअर असेल तर कलम ३(के) आडवं येतं: नुसता संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम किंवा गणिती पद्धत पेटंटयोग्य नाही. त्यामुळे क्लेम आणि वर्णन दोन्ही सेन्सर, ईसीयू, इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) यांना बांधलेले ठेवा, आणि तांत्रिक परिणाम आकड्यांत दाखवा: निर्णयाचा वेळ घटला, चुकीचं वर्गीकरण कमी झालं. प्रशिक्षित मॉडेल वापरत असाल तर इनपुट कोणते, नमुने कशाचे, लेबल कसं दिलं, आउटपुटचं ईसीयू काय करतो, हे हवंच. ‘न्यूरल नेटवर्कने वर्गीकरण केलं’ हे २००७ च्या त्या ढोबळ आकृतीचंच नवं रूप.

७. हातचं राखू नका

कॅलिब्रेशनची खरी रीत गुप्त ठेवून दुय्यम रीत अर्जात द्यायची, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी अनुभवी माणूस नक्की देईल. ऐकू नका. सर्वांत चांगली ज्ञात पद्धत न सांगणं हे कलम ६४(१)(एच)खाली पेटंट रद्द होण्याचं कारण आहे. एखादी गोष्ट गुप्तच ठेवायची असेल तर ती क्लेमच्या बाहेर ठेवा. उदाहरणार्थ, मॅटवर शाई छापण्याच्या यंत्राची सेटिंग्ज व्यापारी गुपित राहू शकतात, जर शोध त्यांवाचून अमलात येत असेल आणि तुम्ही त्यांच्यावर हक्क सांगत नसाल.

वर्णन झालं की ते टीमबाहेरच्या पण याच क्षेत्रातल्या इंजिनिअरला गोपनीयतेच्या करारावर वाचायला द्या. प्रश्न एकच विचारा: ‘मला फोन न करता तू हे बनवशील का?’ तो जिथे अडेल तिथे परिच्छेद वाढवा.

८. ड्रॉइंग

ए४ कागद, वर आणि डावीकडे ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर समास. भागांवर नावं लिहायची नाहीत, क्रमांक द्यायचे; शब्द चालतात ते फ्लोचार्टसारख्या आकृत्यांत. वर्णनातला आणि आकृतीतला क्रमांक जुळतो का ते एकदा बसून तपासा. कॅडमधून काढलेल्या गडद छटांच्या प्रतिमा टाळा, साध्या रेषाकृती द्या. क्लेममधला प्रत्येक प्रकार निदान एका आकृतीत दिसायला हवा.

९. प्रोव्हिजनल की कम्प्लीट?

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या अर्जाने तारीख मिळते आणि क्लेम लागत नाहीत. पण १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे पूर्ण वर्णन आणि क्लेम, दाखल केलं नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. प्रोव्हिजनल म्हणजे एक पान, हा गैरसमज महागात पडतो: जी गोष्ट त्यात नाही तिला ती तारीख मिळत नाही. हाताशी असलेले सगळे प्रयोग आणि आलेख त्यात घाला.

कम्प्लीट दाखल झाल्यावर मात्र दार बंद. कलम ५९ प्रमाणे नंतरची दुरुस्ती म्हणजे हक्क सोडणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं. मुळात नव्हतं ते घालता येत नाही. नंतर सुधारणा सुचली तर कलम ५४ खालचं पेटंट ऑफ ॲडिशन (मूळ पेटंटला जोडलेलं सुधारणेचं पेटंट) किंवा नवा अर्ज हे मार्ग.

१०. कागदपत्रं आणि फी

- फॉर्म १: अर्ज. कर्मचारी-संशोधकांकडून कंपनीला हक्क मिळाल्याचा पुरावा सोबत किंवा ६ महिन्यांत
- फॉर्म २: स्पेसिफिकेशन, क्लेम आणि १५० शब्दांपर्यंतचा सारांश
- फॉर्म ३: परदेशी अर्जांची माहिती
- फॉर्म ५: संशोधक कोण याची घोषणा
- फॉर्म २६: एजंट असल्यास अधिकारपत्र
- फॉर्म २८: स्टार्टअप, लघुउद्योग किंवा शैक्षणिक संस्था म्हणून सवलत हवी असल्यास
- फॉर्म १८: परीक्षणाची विनंती. हा विसरला तर अर्ज पुढे सरकतच नाही

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये. परीक्षणाची अनुक्रमे ४,००० आणि २०,००० रुपये. ३० पानांनंतरच्या प्रत्येक पानाला आणि १० नंतरच्या प्रत्येक क्लेमला जादा पैसे पडतात. पानांचे पैसे वाचवायला वर्णन छाटू नका, क्लेम छाटा. २०२४ च्या नियमांनंतर परीक्षणाच्या विनंतीची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे. जुनी माहिती सांगणारे लेख अजून फिरतात, सावध राहा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण ऑनलाइन अर्जासाठी तिथे जावं लागत नाही. डिजिटल सही लागते.

११. परदेशात जायचं असेल तर

भारतात राहणाऱ्याने आधी भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबावं, किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी, असं कलम ३९ सांगतं. जर्मनी-जपानमधल्या भागीदार कंपनीसोबत काम करणारे इथे हमखास फसतात, कारण तिकडची कंपनी आपल्या सवयीने आधी तिकडे अर्ज करून मोकळी होते. टीममध्ये एक जरी संशोधक भारतात राहणारा असेल तर आधी हे मिटवा.

परदेशी अर्जांचा तपशील कलम ८ खाली द्यावा लागतो आणि पहिल्या परीक्षण अहवालानंतर ३ महिन्यांत तो अद्ययावत करावा लागतो. अमेरिकेत याखेरीज तुम्हाला माहीत असलेलं सगळं महत्त्वाचं पूर्वीचं काम परीक्षकासमोर ठेवण्याचं कर्तव्य आहे. भारतीय परीक्षकाने दाखवलेलं पेटंट अमेरिकेतल्या वकिलाला न कळवणं धोक्याचं.

१२. परीक्षण अहवाल आल्यावर

उत्तरासाठी ६ महिने, आणि फॉर्म ४ भरून आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढ. वर्णन अपुरं असल्याचा आक्षेप असेल तर ‘जाणकाराला हे कळेलच’ असं उत्तर देऊ नका. क्लेममधल्या प्रत्येक घटकासमोर पान, परिच्छेद आणि आकृती क्रमांक लिहिलेला तक्ता जोडा. एखाद्या प्रकाराला आधारच सापडत नसेल तर तो क्लेममधून काढा. उरलेला क्लेम वाचतो.

सुनावणी लागली तर ती व्हिडिओवर होते. त्यानंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं आणि हे दिवस भुर्रकन जातात, म्हणून सुधारलेल्या क्लेमचा मसुदा सुनावणीला बसण्याआधीच तयार ठेवा.